उतारावर चालेल असं यंत्र

ऑरिन लॅम्ब्रेख्ट पडला तेव्हा ट्वायला घराच्या पुढच्या अंगणात गवताचं बी पसरत होती. मागच्या अंगणातून जमिनीला भोकं पाडायच्या यंत्राची घरघर येत होती. ती एकाएकी चढली, मग लाकूड कडाडून मोडल्याचा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. ट्वायलानं बियांची ढकलगाडी तिथंच सोडली आणि घराला वळसा घालून ती धावत सुटली.

मागचं अंगण चांगलंच उताराचं होतं. उताराच्या मध्यावर ऑरिन उताणा पडला होता. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. यंत्र मात्र थेट खाली गेलं होतं. शेजाऱ्याच्या कुंपणाच्या फळ्या मोडून ते टोमॅटोच्या वाफ्यात नाक खुपसून बसलं होतं.

"पॉप, काय झालं?" ट्वायला त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली.

"काही नाही. जरा पडलोय."

"ते दिसतंय मला. लागलं कुठं?"

"आधी त्या यंत्राकडे बघ. पेट्रोल गळत असेल त्यांच्या टोमॅटोवर."

घराचे मालक, डॉक्टर व्हिटलॅच, चपला पायात सरकवत बाहेर आले. दातांचा दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती. ते वाकून म्हणाले, "ऑरिन, उजवा हात उचलून दाखव बघू."

"तुम्ही दातांचे डॉक्टर आहात."

"असेन. पण खांदा जिथं असायला हवा तिथं नाही, एवढं मलाही कळतं."

हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" ट्वायला अडखळली. तिच्या अंगावर मातीचे डाग होते, केसांत बी अडकलेलं होतं.

"सून," ती म्हणाली. "म्हणजे, होते."

"होते म्हणजे?"

"माझा मुलगा हिला सोडून गेला," पलंगावरून ऑरिन बोलला. "मी नाही गेलो. सून लिहा, आणि हे दुखायचं थांबेल असं काहीतरी द्या."

ट्वायला मूळची पश्चिम ओहायोची, मका आणि सोयाबीनच्या शेतांतली. लग्न करून ती डेटनजवळच्या या वस्तीत आली, ती कर्क लॅम्ब्रेख्टची बायको म्हणून. कर्कचे वडील लोकांच्या अंगणांतलं गवत राखायचा धंदा करायचे. कर्कही त्यातच होता, पण त्याचं मन कधी त्यात रमलं नाही. ट्वायला सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची आणि मधल्या वेळात सासऱ्याच्या हाताखाली गवत कापायची. पुढं कर्कला ॲरिझोनात पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या कंपनीत काम मिळालं, आणि तिथलीच एक बाईही मिळाली. घटस्फोट झाला. सगळे धरूनच चालले की आता ट्वायला माहेरी जाणार.

एप्रिल उजाडला, गवत वाढायला लागलं. एका सकाळी तिच्या दारात पिकअप उभी राहिली, मागं ट्रेलर. ऑरिननं हॉर्न वाजवला.

"पॉप, मी पुढं काय करायचं ते अजून ठरवलं नाही," ती दारातून म्हणाली.

"ठरव ना. कोण नको म्हणतंय? गाडीत बसून ठरव. गवत काही घटस्फोट घेत नाही."

ती गाडीत बसली. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती. आडनाव तिनं बदललं नाही. कोणी विचारलं तर सांगायची, "गाडीवर रंगवलेलं आहे, कोण खरवडत बसणार?"

वर्षभराचं काम दोघांनी वाटून घेतलेलं होतं. गवत कापणं, कडा नीट करणं, खत टाकणं, पानगळीतली पानं ओढणं, हे दोघंही करत. जमिनीला भोकं पाडायचं काम मात्र ऑरिनचं. त्या भागातली माती म्हणजे निव्वळ चिकणमाती. उन्हाळाभर मुलं, कुत्री आणि गवत कापायची यंत्रं तिला तुडवून तुडवून विटेसारखी करून टाकतात. मग पाणी घाला, खत घाला, सगळं वरच्यावर वाहून रस्त्यावर जातं आणि मुळं उपाशी राहतात. म्हणून थंडी पडायच्या आधी अंगणभर यंत्र फिरवावं लागतं. त्याच्या पोकळ लोखंडी नळ्या जमिनीत घुसतात आणि मातीच्या कांड्या उपसून वर टाकतात. त्या भोकांतून हवा आणि पाणी खाली उतरतं, नवं बीही तिथंच रुजतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या या कामावर पुढच्या वर्षाचं सगळं गवत उभं असतं.

ऑरिनचं यंत्र जुनं आणि भलतंच वजनदार होतं. सरळ सोडलं की रेड्यासारखं नाकासमोर जायचं, भोकं नामी पाडायचं. पण वळायचं झालं की दांड्याला धरून अख्खं धूड उचलायचं, फिरवायचं आणि पुन्हा खाली टेकवायचं. प्रत्येक ओळीच्या टोकाला हेच. ट्वायला चणीनं बुटकी. तिनं एकदोनदा करून बघितलं, तर आठवडाभर पाठ धरून बसली. तेव्हापासून तो भोकं पाडणार आणि ती मागून बी टाकणार, अशी वाटणी झाली. कोणी बोलून दाखवलं नाही, पण ते यंत्र ऑरिनच्या हातात होतं तोवर धंद्याचा धनीही तोच होता.

हिवाळ्यात त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, हात कामाला येईल, पण खांद्याच्या वर जाणार नाही आणि जड उचलायचं कायमचं बंद.

कर्कचा फोन आला. तो ट्वायलाला म्हणाला, "डॅड बहात्तर वर्षांचे आहेत. तू त्यांना उतारावर ते यंत्र नेऊच कसं दिलंस?"

"मी दिलं? तुझे वडील माझी परवानगी घेऊन काम करतात, असं वाटतं तुला?"

"मग ते काम बाहेर देऊन टाक. दुसऱ्या एखाद्या कंपनीला."

"कर्क, सप्टेंबरात दुसऱ्या कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकाच्या अंगणात पाय ठेवला की एप्रिलात गवतही तीच कापते. हे तुला आठवायला हवं."

"मग नवीन घ्या काहीतरी. आता काय सगळं आपोआप चालणारं मिळतं."

आपोआप काही चालत नाही हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं फोन ठेवला. नवीन घ्यावं लागणार, ही गोष्ट मात्र त्याची खरी होती.

ऑरिन आरामखुर्चीत बसून टीव्हीवर बास्केटबॉल बघत होता. हात गळ्यात अडकवलेला. तो म्हणाला, "यंत्राला काही झालेलं नाही. दांडा वाकलाय थोडा, तो सरळ होईल."

"होईल, पॉप. यंत्राचा दांडा सरळ होईल."

तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

व्हर्ल डिन्समोरचं दुकान हमरस्त्याला लागून होतं. गवत कापायची, पानं उडवायची, फांद्या चिरडायची, सगळी यंत्रं तिथं रांगेत उभी असत. व्हर्ल आणि ट्वायला जुने ओळखीचे. त्याच्या दोन्ही मुली तिच्या बसमधून शाळेत जायच्या. मागून चालत जाऊन हाकायची तीन यंत्रं त्यानं तिच्यापुढं आणून ठेवली. बसून किंवा उभं राहून चालवायची मोठी यंत्रंही होती, पण ती तिनं बघितलीही नाहीत. तिची निम्मी गिऱ्हाइकं अरुंद फाटकांच्या कुंपणाआड राहत होती.

"हे घे," सगळ्यांत रुंद यंत्रावर हात ठेवून व्हर्ल म्हणाला. "जितकं रुंद तितक्या फेऱ्या कमी. चार वाजता घरी जाऊन पाय वर करून बसशील."

"चालवून बघू दे."

"बघ ना. मागं जागा आहे."

दुकानामागच्या हिरवळीला रोज पाणी मिळत होतं. ट्वायलानं टाच रोवली, ती केकमध्ये रुतावी तशी रुतली.

"व्हर्ल, इथं माझ्या जेवणातला काटासुद्धा भोकं पाडेल. मला गिऱ्हाइकाच्या अंगणात चालवून बघायचंय. ऑगस्टच्या शेवटी, जमीन दगड झाल्यावर."

"तिन्ही यंत्रं घेऊन मी गावभर फिरू?"

"गावभर नको. मिसेस पेट्रोस्कींकडे आण फक्त."

व्हर्लनं डोकं खाजवलं, कुरकुर केली, पण शेवटी कबूल झाला.

मिसेस पेट्रोस्की पूर्वी शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. त्यांच्या अंगणात देवानं सगळ्या अडचणी एकत्र आणून ठेवल्या होत्या. घराच्या बाजूला अरुंद फाटक, मागं उतार, उतारावर सफरचंदाची झाडं, आणि एसीची पेटी व कुंपण यांच्यामध्ये एक बोळ, ज्यात शिरता येतं पण वळता येत नाही. ज्या यंत्रानं हे अंगण पार केलं त्यानं सगळं गाव पार केल्यात जमा.

आपण येणार नाही, असं ऑरिननं आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं. सकाळी ट्वायला बाहेर आली तेव्हा तो आधीच पिकअपमध्ये बसलेला.

"मी यंत्र बघायला नाही आलो," तो म्हणाला. "घरी कंटाळा येतो."

"बरं."

तिनं गाडी अशी लावली की बाजूचं फाटक आणि मागचा उतार दोन्ही त्याच्या खिडकीतून दिसावेत.

पहिल्यांदा रुंद यंत्र आलं. व्हर्लनं ते मोठ्या तोऱ्यात चालवत फाटकापाशी आणलं आणि फाटकातच अडकवलं. मागं घेऊन तिरपं घातलं, तरी चाक खांबाला घासलं.

"बोटभरच कमी पडतंय," तो म्हणाला. "फाटक बिजागरीतून काढलं तर सहज जाईल."

मिसेस पेट्रोस्की मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते फाटक माझ्या नवऱ्यानं बसवलंय. तुझं यंत्र काढ."

पिकअपमधून ऑरिनच्या हसण्याचा आवाज आला. खांदा दुखला असावा, कारण तो मध्येच तुटला.

दुसरं यंत्र हलकं होतं. त्याच्या नळ्या गोल फिरत नव्हत्या, तर शिवणयंत्राच्या सुयांसारख्या वरखाली ठोकत चालायच्या. फाटकातून ते मांजरासारखं आत गेलं. झाडांभोवती ट्वायलानं ते नळ्या जमिनीत असतानाच वळवलं, आणि तिला ते तिथल्या तिथं आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भोकं पाडायचं यंत्र तिच्या हातात होतं आणि ते तिचं ऐकत होतं. सावलीतल्या मऊ जमिनीत कांड्या छान निघाल्या. उतारावरच्या उघड्या, भाजलेल्या मातीत मात्र ते उड्या मारायला लागलं. तिच्या मनगटांना मुंग्या आल्या. थांबून एका भोकात बोट घातलं, तर पेरभरसुद्धा आत गेलं नाही.

मग ती सरळ पोटावर झोपली आणि यंत्राच्या खाली डोकं घालून बघायला लागली.

"काय शोधतेयस?" व्हर्लनं विचारलं.

"ग्रीस कुठंकुठं द्यायचं ते. जिकडं बघावं तिकडं हलणारा सांधा आहे."

"रोज दिलं की झालं. त्यात काय?"

"रोज संध्याकाळी, थकून, थंडीत, गॅरेजच्या फरशीवर पडून. आणि देणार कोण? मीच. बरोबर?"

"तू की ऑरिन."

"ऑरिन खांद्यावर झोपू शकत नाही," ती म्हणाली आणि अंगावरची माती झटकत उठली.

तिसरं यंत्र रुंदीनं या दोन्हींच्या मधलं, वजनानं बऱ्यापैकी. त्याच्या नळ्यांचं चक्र दोन भागांत होतं, प्रत्येक हाताशी एका बाजूचा खटका. उजव्या बाजूचा खटका सैल सोडला की ती बाजू मंदावायची आणि यंत्र तिकडं वळायचं. उचलायचं नाही, ओढायचं नाही. शिवाय ते मागंही चालायचं. फाटकातून ते निघालं, दोन्हीकडं दोन बोटं जागा ठेवून. बोळात तिनं ते एसीच्या पेटीपर्यंत नेलं आणि सरळ मागं घेत बाहेर काढलं. जुन्या यंत्रानं तिथं कधीच जाता येत नव्हतं. त्या पट्ट्याला कित्येक वर्षांत भोक पडलं नव्हतं, आणि गवतही तिथं टकलासारखं विरळ होतं.

उतारावर आल्यावर व्हर्ल म्हणाला, "वरून खाली घे. सरळ."

"आडवं," मागून आवाज आला. "उतारावर आडवं चालवायचं. तू यंत्र विकतोस की माणसं मारतोस?"

ऑरिन गाडीतून उतरून फाटकापर्यंत आला होता. आपण उतरलो हे त्याच्या बहुधा लक्षातही आलं नव्हतं.

ट्वायलानं यंत्र आडवं घातलं. ते थोडं खालच्या अंगाला सरकलं, तिनं वरच्या बाजूला जरासं वळवून सावरलं. उताराच्या मध्यावर, जिथं सगळ्यांत तीव्र होता तिथं, तिनं दोन्ही हात सोडून दिले.

यंत्र थांबलं. जागच्या जागी, नळ्या जमिनीत रोवून.

तिनं पुन्हा चालू केलं, थोडं पुढं नेलं आणि पुन्हा हात सोडले. पुन्हा थांबलं. व्हर्ल काहीतरी ब्रेकबद्दल सांगत होता, पण ती ऐकत नव्हती. ऑरिन फाटकाचा खांब धरून उभा होता. त्याची नजर यंत्रावर नव्हती, यंत्राखालच्या उतारावर होती.

तिसऱ्या यंत्रातही खोट नव्हती असं नाही. झपकन वळवलं तर ते गवताची साल ओरबाडून काढत होतं, आणि ते तिनं एका सफरचंदाच्या झाडाखाली करूनही दाखवलं. मिसेस पेट्रोस्कींनी कॉफीचा कप खाली ठेवून तिच्याकडे नुसतं बघितलं. किंमतही तिन्हींत जास्त. वजनामुळं ट्रेलरवर यंत्र चढवायची फळी बदलावी लागणार होती. "उद्या सांग," म्हणून व्हर्ल आपली यंत्रं घेऊन गेला. ट्वायला उपटलेली साल पायानं दाबून, पाणी घालून जागेवर बसवून आली.

मग पिकअपच्या मागच्या फळीवर बसून दोघांनी डबा उघडला. बोलोन्या सॉसेजची सँडविचं, आंबवलेली काकडी, बटाट्याचे वेफर. ऑरिन डाव्या हातानं खात होता. त्याला अजून सवय झाली नव्हती.

"तुम्हाला कुठलं वाटतं?" तिनं विचारलं.

"मला नको विचारू. मला जुनंच आवडतं."

"ते माहीत आहे. या तिन्हींतलं सांगा."

तो बराच वेळ चावत राहिला. "ते शिवणयंत्र दोन वर्षांत खिळखिळं होईल. आणि हे शेवटचं... हे चालवताना तू कुत्र्याला फिरवायला निघाल्यासारखी दिसत होतीस."

"मग त्यात वाईट काय?"

"काम केल्यासारखं वाटत नाही."

"ते माझ्या पाठीला विचारते आणि सांगते तुम्हाला."

त्यानं काकडी संपवली, बोटं पुसली. समोर रस्त्यावरून पोस्टाची गाडी हळूहळू गेली. ती वळेपर्यंत तो गाडीकडे बघत होता.

"तू हात सोडलेस तेव्हा ते थांबलं," तो म्हणाला.

"हो."

"माझं थांबलं नसतं."

"नाही."

"मी त्या दिवशी हात सोडले नाहीत, ट्वायला. सगळ्यांना वाटतं माझ्या हातून सुटलं. नाही सुटलं. खाली शेजाऱ्यांची नात खेळते कधीकधी. ती तिथं आहे की नाही ते मला दिसत नव्हतं. म्हणून मी धरून राहिलो, आणि त्यानं मला ओढत नेलं. खांदा गेला तेव्हा सुटलं."

हे तो पहिल्यांदाच बोलत होता. वर्ष होत आलं, तरी हॉस्पिटलात नाही, घरी नाही, कर्कलाही नाही. ट्वायलानं वेफरची पिशवी त्याच्यापुढं धरली. त्यानं एक घेतला.

"घे ते शेवटचं," तो म्हणाला. "व्हर्लला सांग, फळी फुकट दे."

व्हर्लनं फळी फुकट दिली नाही, पण जास्तीच्या नळ्यांचा एक संच दिला.

सप्टेंबरात पहिला पाऊस पडून माती जरा मऊ झाली आणि काम सुरू झालं. ऑरिनकडे आता झेंड्यांचं काम आलं. यंत्र फिरायच्या आधी अंगणात पाण्याचे फवारे कुठं गाडलेले आहेत, कुत्र्यांना अडवायची जमिनीखालची तार कुठून गेली आहे, ते शोधून तिथंतिथं लहान झेंडे रोवायचे. त्याला ते काम पोरासोरांचं वाटायचं. पहिला आठवडा तो ते गाल फुगवूनच करत होता. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ऑरिन, आता यंत्र सून चालवते वाटतं?" तर म्हणाला, "मी साहेब झालोय. झेंडे लावत फिरतो."

डॉक्टर व्हिटलॅच यांच्या अंगणाची पाळी महिन्याच्या मध्यावर आली. ट्वायलाला रात्री नीट झोप लागली नव्हती. शेजाऱ्याच्या कुंपणाला नव्या फळ्या बसल्या होत्या. त्यांचा रंग अजून जुन्यांशी जुळला नव्हता. ऑरिननं वरून झेंडे रोवत यायला सुरुवात केली. तिनं यंत्र उताराच्या माथ्यावर आडवं लावलं आणि चालायला लागली. एक ओळ. वळली. दुसरी ओळ. मातीच्या कांड्या मागं पडत होत्या, लांब, ओलसर, एकसारख्या. यंत्र सरकायचा प्रयत्न करायचं आणि ती त्याला समजावून वर आणायची. उताराच्या मध्यावरही तिचे हात आपलं काम करत राहिले.

आणि खालच्या अंगाला वळताना नळ्यांखाली काहीतरी कडकन फुटलं. पाण्याचा फवारा तिच्या डोक्याच्या वर उसळला.

तिनं हात सोडले, यंत्र थांबलं. ती नखशिखांत भिजली. डॉक्टर व्हिटलॅच पाणी बंद करायला घरात पळाले. ऑरिन उताराच्या कडेला उभा होता, हातात न रोवलेल्या झेंड्यांची जुडी.

"पॉप, इथं झेंडा नव्हता."

"नव्हता."

"तुम्हाला तर हा फवारा माहीत आहे. तुम्हीच बसवलाय."

"माहीत आहे." तो जुडीकडे बघत होता. "तू उतारावर होतीस. मी तुझ्याकडे बघत होतो. मग झेंडे राहिले."

ट्वायलाच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. तिला आधी राग आला, मग हसू आलं. ती हसायला लागल्यावर तोही हसला, खांदा सांभाळत. डॉक्टर बाहेर आले तेव्हा दोघं चिखलात उभी राहून हसत होती. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी टॉवेल आणून दिला.

फवारा दुरुस्त करायला ऑरिन चिखलात फतकल मारून बसला. ते काम एका हातानं आणि थोड्या आधारानं होणारं होतं. नवं तोंड बसवून, माती दाबून तो उठला आणि हात पुसत यंत्राजवळ गेला.

"पुढचं अंगण राहिलंय ना? तिथं सपाट आहे," तो म्हणाला. "दे इकडं."

तिनं खटके दाखवले. ते कमरेच्या उंचीवर होते; खांदा उचलायची गरजच नव्हती. पहिली ओळ त्यानं ताठ मानेनं, कोणी परीक्षा घेतंय अशा चेहऱ्यानं घातली. टोकाला जाऊन वळला, आणि वळताना सवयीनं दांडा उचलायला गेला. मग थांबला, उजव्या बाजूचा खटका सोडला, आणि यंत्र आपणहून वळलं. परत आल्यावर तो म्हणाला, "डावीकडे ओढतंय जरा. साखळी बघायला हवी."

"बघते संध्याकाळी."

"मी बघतो. ती बसून बघता येते."

त्यानंतर सपाट अंगणं त्याची आणि उताराची तिची, अशी नवी वाटणी झाली. ऑक्टोबर संपेपर्यंत त्यांची सगळी गिऱ्हाइकं झाली, आणि वरून काही नवीही आली. दोन अंगणांत वळणं घाईत घेऊन ट्वायलानं गवताची साल उपटली. ती तिनं स्वतः जाऊन पुन्हा बसवून दिली. एका बाईनं फोन करून विचारलं, की अंगणभर हंसांनी घाण करून ठेवल्यासारखं का दिसतंय. "त्या मातीच्या कांड्या आहेत, दोन पावसांत विरघळतील," असं तिला ऑरिननं समजावलं, तेही मोठ्या साहेबी थाटात. जुन्या यंत्राचा दांडा त्यानं सरळ करून घेतला आणि ते बेसबॉलचं मैदान राखणाऱ्या एका माणसाला देऊन टाकलं. तिथं शंभर पावलं सरळ जायचं असतं आणि उतार औषधालाही नसतो. यंत्र त्या माणसाच्या ट्रेलरवर चढलं तेव्हा ऑरिननं त्याला पट्टे आवळायला मदत केली आणि मग गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ काही ना काही आवरत बसला.

नोव्हेंबरात, पानं उचलून झाल्यावर, कर्कनं वडिलांना ॲरिझोनाला बोलावलं. पूर्वी दर वर्षी बोलवायचा आणि ऑरिन दर वर्षी काहीतरी कारण सांगायचा. या वर्षी कारण सापडेना. ट्वायला त्याला विमानतळावर सोडून आली. तीन आठवडे राहायचं ठरलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. ट्वायला गॅरेजमध्ये यंत्राच्या झिजलेल्या नळ्या उतरवत होती.

"काय म्हणतोय कर्क?" तिनं विचारलं.

"बरा आहे. त्याची बायको स्वयंपाक चांगला करते. मला बाहेर खुर्ची टाकून देतात, ऊन चांगलं आहे."

"मग छान आहे की."

"ट्वायला, इथं गवतच नाही." त्याचा आवाज खाली आला, जणू घरातल्यांनी ऐकू नये. "सगळ्यांच्या अंगणात खडी आहे. लाल खडी, पांढरी खडी. एक माणूस काल ती दाताळ्यानं नीट करत होता. मी त्याच्याशी बोललो. भला माणूस आहे, पण मी त्याला काय सांगणार?"

"मग काय करता दिवसभर?"

"बसतो. खांद्याला ऊन देतो. कर्कशी बोललो परवा, त्या दिवशी काय झालं ते सगळं. तो रडला जरासा. मग आम्ही बाहेर जाऊन हॅम्बर्गर खाल्ले."

"बरं केलंत."

"नळ्या बदलल्यास का?"

"आत्ता तेच करतेय. निम्म्या झाल्या."

"उरलेल्या ठेव. मी रविवारी येतोय. तिकीट बदललं. विमान चारला उतरतं, आणि येताना माझा जाड कोट घेऊन ये, तिकडं बर्फ पडलंय असं टीव्हीवर दाखवत होते."

ट्वायलानं गॅरेजच्या दारातून बाहेर बघितलं. बर्फ नव्हतं, नुसता गारठा होता आणि अंगणभर नवं बारीक गवत उगवून आलेलं होतं.

"आणते," ती म्हणाली, पाना खाली ठेवला आणि हात धुवायला घरात गेली.